हुशार कुत्र्यासाठी कुलूप

दहा वर्षांत जावईबापूंनी माझ्याकडे एकदाच काहीतरी मागितलं. तेही जेवताना, स्वतःच्या ताटात बघत.

"बाबा, एक कुलूप करून द्याल का? मागच्या खोलीच्या दाराला."

मी पन्नास वर्षं कुलपं केली. गल्लीत मला सगळे कुलूपकाका म्हणतात. बायकोसुद्धा शेवटी शेवटी तेच म्हणायला लागली होती. पण दुकान बंद केल्यापासून कुणी कुलूप मागितलं नव्हतं. हल्ली लोक पुठ्ठ्याच्या खोक्यात कुलूप आणतात आणि ते बिघडलं की खोक्यासकट फेकून देतात. त्यामुळे मी हातातला घास खाली ठेवला.

"कसलं पाहिजे?"

"आतून उघडता येता कामा नये."

बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून लोक कुलूप लावतात. आतल्यानं बाहेर जाऊ नये असं कुलूप फक्त तुरुंगवाले मागतात, आणि ते टेंडर काढतात. मी विचारलं, "आत काय ठेवणार आहात?"

जावईबापूंनी लेकीकडे बघितलं. लेकीनं पाण्याच्या ग्लासाकडे.

"कुत्रा," जावईबापू म्हणाले. "आणायचा विचार आहे."

"कुत्र्याला कुलूप कशाला? साधी कडी पुरते."

"हुशार जातीचा आहे. कड्या उघडतो म्हणे. आणि निसटायची सवय, म्हणून दार आपलं आपण लागलं पाहिजे. इतकं पक्कं करा, बाबा, की तुम्ही स्वतः आत असलात तरी उघडता येऊ नये."

झालं. म्हाताऱ्या कारागिराला एवढं पुरतं. पहिलवानाला कुणी म्हणावं, 'हे काही तुम्हाला उचलणार नाही,' तसं मला झालं.

माझ्या उस्तादांचा एक नियम होता. जे कुलूप करशील त्यात एक चोरवाट स्वतःसाठी ठेव, कधी कुठे अडकशील सांगता येत नाही. पन्नास वर्षं मी तो पाळला. या कुलपात ठेवली नाही. लेकीच्या घरच्या कुलपात चोरवाट ठेवायची म्हणजे लेकीवर भरवसा नाही असं होतं, असं मला वाटलं. उस्ताद वर बसून कपाळावर हात मारत असतील.

बारा दिवस लागले. आतल्या बाजूला अख्खा पोलादी पत्रा, किल्लीचं भोकच नाही. स्क्रू सगळे बाहेरून. बिजागऱ्या लाकडात बुडवलेल्या. दाराला अशी स्प्रिंग की दार मांजरासारखं चालत येऊन लागावं. लेक संध्याकाळी शेजारी बसून टॉर्च धरायची. लहानपणी दुकानात धरायची ना, अगदी तशीच, जीभ किंचित बाहेर काढून. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, नक्की ना? तुम्हालाही नाही उघडता येणार?"

"नक्की."

"अगदी नक्की?"

"अगं, मी आत मेलो तर मला बाहेर काढायला किल्लीच लागेल."

ती हसली नाही. मला वाटलं, दमली असेल.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. बाजारात जाऊन कुत्र्यासाठी स्टीलचं एक जड भांडं आणलं, तळाला रबर लावलेलं, म्हणजे हुशार असला तरी सरकवणार नाही. नावही काढून ठेवलं. खटका.

आता दोन गोष्टी मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्यानं लपवल्या. पहिली: वसंतात एकदा मी गॅसवर चहा ठेवला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्याचं शटर अडकलं म्हणून तो बोलवायला आला. मी गेलो. शटर निघालं, पण इकडे पातेलं गेलं. लेक आली तेव्हा स्वयंपाकघरात नुसता धूर. ती जिन्यात बसून रडली होती.

दुसरी: एकदा मी एक मजला जास्त चढलो. आमच्या इमारतीत सगळे मजले जुळ्या भावांसारखे. किल्ली लागेना, तेव्हा मी किल्लीला नावं ठेवली आणि केसांच्या पिनेनं दार उघडलं. आत गेलो, पाणी प्यायलो, लेकीनं पडदे बदलले म्हणून मनातल्या मनात नाराज झालो आणि खुर्चीत डुलकी काढली. ते घर वरच्या टायपिस्टबाईंचं होतं. त्या आल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, "काका, चहा घेणार की आधी पोलिसांना बोलवू?" मी चहा म्हटलं. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना फुकट नवीन कुलूप बसवून दिलं, कारण जे पिनेनं उघडतं त्याला कुलूप म्हणणं हा माझ्या धंद्याचा अपमान आहे.

तर, विसरतो मी कधीकधी. पण कुत्रा मी विसरलो नाही. मी त्याची वाट बघत होतो.

एका रविवारी जावईबापूंनी माझी खाट उचलली आणि मागच्या खोलीत नेली.

"तिथे उजेड चांगला येतो, बाबा," लेक म्हणाली.

"आणि कुत्रा?"

"कुत्र्याचं जरा पुढे ढकललंय."

सोमवारी सकाळी आठला ती थर्मास आणि पाव घेऊन आली. सगळं टेबलावर मांडलं, उशी नीट केली. "मी दोनपर्यंत येतेच," म्हणाली. ती दंतवैद्याकडे दुपारपर्यंत कामाला असते, येणाऱ्यांना खुर्चीत बसवून 'दुखणार नाही' असं सांगायचं काम. मला म्हणाली, "काही होणार नाही, बाबा." आणि बाहेर गेली. दार तिच्यामागे चालत आलं.

खट्क.

इतका सुरेख आवाज. खोक्यातल्या कुलपातून असा आवाज शंभर जन्म घेतले तरी निघायचा नाही. एक क्षण मी खूष झालो. दुसऱ्या क्षणाला लक्षात आलं की तो मी आतून ऐकतोय.

टेबलाखाली भांडं ठेवलेलं होतं. तळाला रबर लावलेलं.

त्यानंतर सगळं शिस्तीत सुरू झालं. आठ ते दोन खोलीत. मग दोनचे चार झाले, कारण लेकीला दुपारी झोप हवी असायची. माझी हत्यारं, कानस, चिमटे, पाने, सगळं 'टोकदार वस्तू' म्हणून एका पेटीत बंद झालं आणि पेटीला कुलूप लागलं, तेही मीच केलेलं. कोपऱ्यात झाकणाची बादली आली. संध्याकाळी मला फिरायला नेत. गळ्यात एक कार्ड, त्यावर पत्ता आणि फोन नंबर. कोपऱ्यापर्यंत जायचं, झाडापाशी थोडं थांबायचं, परत यायचं. नुसता पट्टा तेवढा नव्हता.

मी भांडलो नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणालो, "हे काय चाललंय?" लेक म्हणाली, "तुमच्याच भल्यासाठी, बाबा. माझं कामावर लक्ष लागत नाही." जावईबापू चष्म्याच्या दुकानात आहेत, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही गोष्टी नीट बघत नाही आहात." धंद्याची सवय.

मला फार काही नको होतं. त्या खोलीची एक किल्ली माझ्या खिशात हवी होती. आतून ती लागली नसती, तरी ती असती तर मी आत बसलोसुद्धा असतो.

टायपिस्टबाईंनी मला खिडकीत पकडलं. सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालताना त्या वरून वाकल्या.

"काका, दोन महिने बघतेय. कधीही बघावं तर खिडकीतच. बाहेर का येत नाही?"

"आतून उघडत नाही."

"कुठलं कुलूप आहे?"

"माझंच."

त्यांनी हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला. वकिलाच्या कचेरीत टायपिंग करतात त्या. दिवसाला चार कायदे बोटांखालून जातात. म्हणाल्या, "याच्यासाठी कायदा आहे, काका. असहाय प्रौढांची आबाळ आणि छळ होऊ नये म्हणून. मीच टाइप केलाय त्यावरचा अर्ज, बऱ्याचदा. कुणाला असं कोंडून ठेवता येत नाही. एक फोन केला की माणूस येतो बघायला."

"मी असहाय नाही."

"अहो, कागदावर व्हा थोडे दिवस."

त्यांनी फोन केला. आणि तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी तीनला, तो माणूस आला.

पाहणी अधिकारी. चाळिशीचा, बगलेत चौदा पानांचा फॉर्म, बुटांच्या टाचा एका बाजूनं झिजलेल्या. त्याआधी सकाळी लेकीनं मला दाढी करायला लावली होती आणि बादली धुऊन तिच्यावर फुलदाणी ठेवली होती. अधिकाऱ्यानं पुढच्या खोलीत फोन चार्जिंगला लावला आणि कामाला लागला. त्यानं सगळं समजावून सांगितलं, पाठ केलेल्या आवाजात. तक्रार खरी निघाली तर कुलूप चोवीस तासांत निघणार आणि दिवसा सरकारी वृद्धसेवा केंद्रातून एक बाई सोबतीला येणार. खोटी निघाली, किंवा मला बरंवाईट कळत नाही असं ठरलं, तर लेक माझी रीतसर काळजीवाहक. मग काय उघडायचं आणि काय लावायचं ते ती ठरवणार.

"दाराला कुलूप कुणी बसवलं?"

"मी," मी म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. "तुम्ही स्वतः? स्वतःच्या खोलीला?"

"कुत्र्यासाठी बसवलं. हुशार जातीचा येणार होता."

अधिकाऱ्यानं टेबलाखाली बघितलं. मग दाराकडे. मग लेकीकडे. "घरात कुत्रा आहे?"

मी लेकीकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं तिला. टॉर्च धरून बारा दिवस बसली होती ती.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, "कुठला कुत्रा, बाबा?"

आता काय सांगू. आयुष्यात तीनदा बोट तुटता तुटता वाचलंय, एकदा पोलादी तिजोरी पायावर पडलीय. पण तो हात गुडघ्यावरून काढायला मला जेवढं बळ लागलं तेवढं तेव्हाही लागलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं एका चौकोनात खूण केली. मला उलटं वाचता येतं, किल्लीचे दाते आरशातून बघायची सवय. 'नसलेल्या गोष्टी दिसतात: होय.'

"भांडं आहे," मी म्हणालो. "चला, दाखवतो."

तिघं मागच्या खोलीकडे निघालो. आत जाताना लेक नेहमी दाराखाली घडी घातलेला पुठ्ठा सारायची, दार लागू नये म्हणून. तिनं सारला. अधिकारी शेवटी आला. फॉर्मच्या सहाव्या पानावर 'अडखळून पडण्यासारख्या वस्तू' असा रकाना होता. माणूस कर्तव्यदक्ष. त्यानं वाकून पुठ्ठा उचलला, "असलं काही जमिनीवर ठेवू नका, वयस्कर माणूस पडतो," असं म्हणाला आणि रकान्यात लिहायला लागला.

दार मांजरासारखं चालत आलं.

खट्क.

"किल्ली?" अधिकारी म्हणाला.

"बाहेर," लेक म्हणाली. "कुलपातच."

"फोन?"

"तुमचा चार्जिंगला. माझा ओट्यावर."

"घरात आणखी कोण?"

"ते सहाला येतात."

साडेतीन वाजले होते. अधिकाऱ्यानं दाराला खांदा लावून बघितला. मी म्हटलं, "खांद्याला जपा. दार नाही हलणार." मग त्यानं पेन फटीत घातलं. पेन तुटलं. माझ्या छातीत अभिमान दाटून आला, काय करणार, स्वभाव.

"खिडकीतून हाक मारा कुणाला तरी," मी सुचवलं. "वरच्या बाई कामावर असतात, पण खालून कुणी ना कुणी जातं."

"मी सरकारी पाहणी अधिकारी आहे," तो म्हणाला. "मी खिडकीतून वाचवा वाचवा ओरडायचं?"

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, पुरे झालं. उघडा."

"उघडत नाही."

"तुम्हाला येतं. तुम्हाला जगातलं कुठलंही येतं. रागावलात ते कळलं मला. उघडा आता."

"तूच दोनदा विचारलं होतंस," मी म्हणालो. "नक्की ना, म्हणून. तुला पाहिजे होतं तसंच केलंय. तुझ्याशी मी कधी फसवाफसवी केली नाही."

ती खाटेवर बसली.

मग आम्ही बसलो. मला सवय होती, त्यामुळे पाहुणचार माझ्याकडे. थर्मासातला चहा तिघांत केला. एकच कप होता, म्हणून अधिकाऱ्याला कुत्र्याच्या भांड्यात द्यावा लागला. भांडं हातात घेऊन त्यानं फिरवून बघितलं. "तुम्हाला यात जेवायला देतात?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. अकराव्या पानावर 'अन्न देण्याची पद्धत' असा रकाना आहे आणि तिथे 'अमानुष' असा चौकोन आहे. त्यात एक खूण झाली असती की मी मोकळा होतो, आणि ती कोर्टात. मी नुसतं हो म्हणायचं होतं. तिला ते कळलं, आणि मला कळलं की तिला कळलंय. मी हो म्हणेन असं तिला वाटलं, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. त्या दुपारी मला सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते.

"नाही," मी म्हणालो. "ताटात देतात. गरम देतात. भांडं कुत्र्याचंच आहे."

साडेचारला अधिकारी अस्वस्थ झाला. पावणेपाचला त्यानं विचारलं, "इथे सोय काय आहे?" मी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. लेक आणि मी खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होतो, आणि मी त्याच्या अब्रूसाठी मोठमोठ्यानं खोकत होतो. मागून झाकण लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी न वळताच विचारलं, "साहेब, त्या रकान्यात काय लिहिणार? समाधानकारक?"

त्यानं परत येऊन फॉर्म उघडला, कदाचित हातांना काम हवं म्हणून, आणि पुढचा प्रश्न वाचला. "सध्या आपल्याला कुणी कोंडून ठेवलं आहे का?"

"सध्या तर तुम्हालाही ठेवलंय."

"होय, नाही, की लागू नाही?"

तेवढ्यात लेक बोलली. भिंतीकडे तोंड करून. "होता, साहेब. कुत्रा."

"म्हणजे?"

"म्हणजे नव्हता. पण आम्ही त्यांना तसं सांगितलं होतं. ते खरं बोलतायत. कल्पना माझ्या नवऱ्याची होती, पण मी हो म्हटलं. मला भीती वाटत होती. त्या दिवशी तो धूर तुम्ही बघितला असतात तर…" ती माझ्याकडे वळली. "विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, बाबा?"

"विचारून तरी बघायचंस. कडी मीच लावून घेतली असती. कुत्र्याची काय गरज होती?"

अधिकाऱ्यानं तुटक्या पेनानं पहिली खूण खोडली. बाजूला सही केली. मी उलटं वाचून खात्री करून घेतली. भांड्यात त्याचा चहा तसाच होता. मी म्हटलं, "प्या, निवलाय."

सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर बूट वाजले. अधिकाऱ्यानं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"बाबा," बाहेरून जावईबापूंचा आवाज आला, "किती वेळा सांगितलंय, दार वाजवायचं नाही. वाजवलंत तर आज फिरायला नेणार नाही."

किल्ली फिरली. जावईबापूंनी अधिकाऱ्याला बघितलं, मग त्याच्या हातातलं भांडं बघितलं, आणि भिंतीवरची शेवटची ओळ वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासारखे डोळे बारीक करून उभे राहिले.

"अहवाल आठ दिवसांत येईल," अधिकारी म्हणाला, आणि फोन उचलून निघाला. जिन्यापर्यंत चालत, पुढे धावत.

ते आठ दिवस मी लहान मुलासारखे काढले. टायपिस्टबाई खिडकीतून म्हणाल्या, "काका, आता तर सरकार स्वतः आत बसून गेलं, आणखी काय पुरावा हवा?" मी मनात किल्लीसाठी कोट ठरवला. डाव्या खिशाला अस्तर जाड आहे.

अहवाल आला. लेकीनं दिला नाही, फ्रिजवर ठेवला. फिरायला जाताना मी तो उचलला आणि झाडापाशी उभा राहून वाचला.

'पाहणीच्या वेळी खोलीचे दार उघडे होते. व्यक्तीस कोंडून ठेवल्याचे आढळले नाही. कुलूप व्यक्तीने स्वहस्ते बसविले आहे. व्यक्ती वारंवार कुत्र्याचा उल्लेख करते. घरात कुत्रा आढळला नाही. शौचालयाची सोय समाधानकारक. खोलीत घंटी बसवावी.'

लबाडी कळली मला. दार बंद होतं असं लिहायचं तर अडीच तास कोण कोण आत होतं तेही लिहावं लागलं असतं, आणि बादलीपर्यंत यावं लागलं असतं. कुंपणानंच शेत खाल्लं. पण कुंपणाचं मला एवढं काही वाटलं नाही. कुंपण शेवटी परक्याचं.

खाली 'साक्षीदार' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे लेकीची सही. तिची सही मीच शिकवलीय, सात वर्षांची असताना, दुकानातल्या पाटीवर. शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून तिला किल्लीसारखे दोन दाते काढायचे. दोन्ही दाते नीट काढले होते. हात जराही हलला नव्हता.

"वाचून केलीस?" मी विचारलं.

ती शेजारीच उभी होती, माझं कार्ड सरळ करत. "साहेब दंतवैद्याकडे आले होते. म्हणाले, असं लिहिलं तर सगळ्यांचंच निभावतं. नाहीतर माझ्यावर खटला होईल आणि तुम्हाला केंद्रात नेतील."

"सोबतीला बाई येणार होती."

"आठवड्यातून दोनदाच येतात त्या, बाबा."

"मी वाचलास का विचारलं."

"वाचला."

मग आम्ही घरी गेलो. खट्क.

पंधरा दिवसांनी अधिकारी परत आला. या वेळी बगलेत फॉर्म नव्हता. लेक दार उघडून बाजूला झाली. तो आत आला तो आधी दाराखालचा पुठ्ठा नीट सारून, पायानं दाबून, दोनदा बघून. मग खाटेच्या कडेला बसला.

"काका, राग आहे ना?"

"साहेब, मला बरंवाईट कळत नाही. तुमच्याच कागदावर आहे."

त्यानं गुडघे चोळले. "कुलूप मात्र अफलातून आहे. मी दोन रात्री त्याचाच विचार करत होतो. तसंच एक करून द्याल? आमच्या घरी हवंय."

"कशासाठी?"

त्यानं नजर खिडकीबाहेर नेली. "कुत्रा आहे."

"वय काय कुत्र्याचं?"

"एकोणऐंशी," तो म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

दारात लेक उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आई जिन्यावरून पडली दोनदा," तो म्हणाला. "मी दिवसभर लोकांच्या घरी असतो, तुमच्यासारख्यांच्या. तिच्याकडे बघायला कोण?"

"करून देतो," मी म्हणालो. "पण माझी हत्यारं लागतील. आणि नमुना. हे कुलूप दारातून काढून समोर ठेवावं लागेल. तसं लेखी द्या, या घरात तोंडी चालत नाही. आणि बसवायला मी स्वतः येणार. कुत्र्याला मला भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहून आणून दिलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. जावईबापूंनी पेटी उघडली, कुलूप निघालं, आणि दाराला तिथे हाताच्या पंजाएवढं भोक राहिलं.

आता मी रोज काम करतो. खोलीत नाही, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. कंटाळा आला की वर जाऊन टायपिस्टबाईंकडे चहा पितो आणि मजला मोजून परत येतो. उस्तादांचं या वेळी ऐकलंय: कुलपात चोरवाट ठेवली आहे, मूठ दोनदा वर, एकदा खाली, की दार आतून उघडतं. साहेबांच्या आईंना मी ती एकट्यात दाखवणार आहे. तेवढं पाठ होईल त्यांना. नाही झालं तर पुन्हा जाईन.

लेक संध्याकाळी येते आणि शेजारी उभी राहते. दोनचार दिवसांपूर्वी तिनं टॉर्च आणली होती. मी म्हटलं, "नको, दिसतंय मला." तिनं ती परत नेऊन ठेवली.

"बाबा, झालं का कुलूप?" ती रोज विचारते.

मी कानशीचा कीस झाडून स्टीलच्या भांड्यात टाकतो. तळाला रबर आहे, जराही सरकत नाही.

"नाही अजून," मी सांगतो. "कुत्रा हुशार आहे. वेळ लागणार."